घराण्याचा घसा

मी घरजावई आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचं असेल ते हसून घेतील आणि आपल्याला पुढे जाता येईल. माझ्या सासरची बेकरी आहे आणि बेकरीच्या वरच घर आहे. लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे हत्यारांची एक पेटी आणि भाड्याची एक खोली होती. बायको म्हणाली, "उगाच दोन घरं कशाला?" मला त्यात काही अपमान दिसला नाही. ज्या घरात उजाडायच्या आत खालून ताज्या पावाचा वास वर येतो ते घर नाकारायला मी काही वेडा नव्हतो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात जेवण म्हणजे दोन फोनांच्या मधली फट. जिन्यात बसायचं, डबा उघडायचा, पोटात ढकलायचा आणि उठायचं. त्यामुळे सासरी पहिल्यांदा पानावर बसलो तेव्हा माझं ताट चाटून-पुसून साफ झालं आणि वर बघतो तर सगळं टेबल माझ्याकडे बघतंय. त्यांचं अजून सूपच चाललं होतं.

"भूक लागली होती वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"भावजी सुसाट आहेत," मेहुणा म्हणाला. तेव्हापासून त्या घरात माझं नाव सुसाट पडलं ते पडलंच.

त्या घरात जेवणाचे कायदे होते. प्रत्येकाच्या ताटाशी पाण्याचे दोन पेले, एक प्यायचा आणि एक राखीव. भात सुपात भिजवून मऊ केलेला. कोंबडीचे इतके बारीक तुकडे, की कोंबडीलासुद्धा ओळख पटली नसती. पावाची कड कापून टाकलेली. आणि जेवता जेवता अचानक कुणीतरी बोलायचं थांबे, पाठ ताठ करून बसे आणि एक बोट वर करी. लगेच बाकीचे सगळे आपापल्या ताटात बघायला लागत. बोट वर केलेला माणूस एकेक घोट पाणी घेई, खांदे पाडी, बोट खाली आणी, आणि अर्ध्यावर राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू होई. याला घरात 'थांबा' म्हणत. बाबांचा थांबा आलाय, ताईचा थांबा आलाय. फारच लांबला तर माणूस उठून स्वयंपाकघरामागच्या बेसिनकडे जाऊन येई. तिथे काय झालं हे कुणी विचारत नसे.

मला वाटायचं, केवढी ही सभ्यता! आमच्या घरी दोन भाऊ आणि एक आई, तिथे जो जास्त बोलेल त्याच्या ताटातलं नाहीसं व्हायचं.

बेकरीचं नाव होतं ते याच मऊपणावर. सासऱ्यांच्या आजोबांनी ती काढली तेव्हापासून इथे एकच खासियत: कड नसलेला पाव. भट्टीतून निघाला, की चारी बाजूंनी कापायचा आणि आतला ढगासारखा गाभा विकायचा. कडा वाळवून, दळून त्यांचा चुरा वेगळा. लांबून लांबून लोक यायचे आणि वर्षानुवर्षं येत राहायचे. सासरेबुवांना नुसत्या टिचकीच्या आवाजावरून पाव भाजला की नाही ते कळायचं, पण आपल्या पावाची कड त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती. मी म्हटलं, असेल, धंद्यातल्या माणसाला आपल्याच मालाचा कंटाळा येतो.

मग आम्हाला मुलगी झाली. घरात तिला चिमणी म्हणतात, कारण ती चिमणीएवढं खाते. हे नाव ठेवताना सगळे कौतुकानं हसले होते. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे आम्हाला पुढे कळलं.

चिमणी तिसरीत गेली तेव्हा शाळेचा मागच्या वर्षीचा फ्रॉक तिला जसाच्या तसा बसला. सासूबाई म्हणाल्या, "बघा, मी शिवलेलं टिकतं!" मलाही आधी बरंच वाटलं. मग एक दिवस शाळेतल्या बाईंनी बोलावलं. चिमणीला प्रार्थनेच्या रांगेत चक्कर आली होती. बाई म्हणाल्या, "हिचा डबा रोज भरलेला परत जातो. मधल्या सुट्टीत ही डब्याला हात लावत नाही, सरळ मैदानात पळते."

घरी येताना मी तिला मोटारसायकलवर पुढे बसवलं आणि विचारलं, "काय गं, डबा आवडत नाही का?"

"आवडतो."

"मग?"

"बाबा, मधली सुट्टी छोटी असते. डबा खाल्ला तर खेळायला मिळत नाही. खेळले तर डबा राहतो. मी दोन्ही करून बघितलं. होत नाही."

"बाकीच्या मुली कशा करतात?"

"त्या गिळतात ना."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या घास तोंडात घालतात आणि तो जातो." एखाद्याला विमान चालवता येतं असं सांगावं, इतक्या कौतुकानं तिनं ते सांगितलं. "त्यांना एकच पाण्याची बाटली लागते, बाबा."

तिच्या दप्तरात दोन बाटल्या असायच्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. ते माझ्या बायकोला म्हणाले, "गिळायला काही त्रास?" बायको म्हणाली, "नाही." "जेवते नीट?" "जेवते की. फक्त हळू जेवते. आमच्याकडे सगळेच हळू जेवतात." डॉक्टरांनी भूक वाढायचं औषध दिलं. चिमणीला भूक कडकडून लागायला लागली, आणि डबा मात्र तसाच परत यायला लागला.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्याचाच घसा आहे तो. नाजूक. आडात आहे तेच पोहऱ्यात यायचं."

त्या आठवड्यात मला शाळेशेजारच्याच इमारतीतून फोन आला. नवीन राहायला आलेल्या भाडेकरूनं तक्रार केली होती, की लिफ्ट मध्येच अडकते. मी गेलो तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कमरेवर हात ठेवून माझी वाटच बघत होत्या.

"कुणी सांगितलं बिघडली म्हणून?" त्या म्हणाल्या. "चांगली चालते. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे थांबते, एवढंच. जरा टाचा आपटायच्या, की निघते."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून! सगळ्याच लिफ्टा थांबतात ना?"

मी म्हटलं, "नाही हो काकू, थांबत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?" काकू म्हणाल्या.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. जुन्या इमारतीत विचारलं, की लिफ्टला काही त्रास आहे का, तर सगळे एकमुखानं नाही म्हणतात. म्हणून मी तसं विचारतच नाही. मी विचारतो, तुम्ही लिफ्टमध्ये शिरल्यावर काय काय करता? मग कुणी सांगतं, दार पायानं दाबून धरतो. कुणी सांगतं, सामान असेल तर दोन खेपा करतो. कुणी म्हणतं, आम्ही आपले जिन्यानंच जातो. बिघाड बरोबर तिथे असतो. मी लिफ्टच्या पोकळीत वाकून, ती ज्या रुळावर सरकते त्याचा सांधा तपासत होतो, हात तेलानं माखलेले, आणि अचानक माझ्या डोळ्यांसमोर आमचं जेवणाचं टेबल आलं. दोन दोन पेले. बारीक तुकडे. वर केलेली बोटं. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं त्या टेबलावर रोज बसून मी त्याला सभ्यता म्हणत होतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर मी विचारलं, "गिळायला कुणाला त्रास आहे?"

कुणालाच नव्हता.

"बरं. रोज थांबा कुणाकुणाला येतो?"

सासऱ्यांनी बोट वर केलं, बायकोनं केलं, मेहुण्यानं केलं, सासूबाईंनी केलं. शेवटी टेबलाच्या टोकाला एक छोटंसं बोट वर झालं.

"हा आजार आहे," मी म्हटलं.

सासरेबुवांनी पेला खाली ठेवला. "जावईबापू, जे सगळ्यांना असतं तो आजार कसला? उद्या म्हणाल, माणसाला झोप येते हा आजार आहे."

"सगळ्यांना नसतं. आमच्या घरी कुणालाही नाही."

"तुमच्याकडे चावून खायची पद्धत नाही," सासूबाई म्हणाल्या. "घरोघरी मातीच्या चुली असतात हो. कुणी बोलून दाखवतं, कुणी नाही."

बायको खोलीत आल्यावर माझ्यावर उखडली. "तू आमच्या घराण्यात खोट काढतोयस. उद्या बेकरीवर लोक म्हणतील, यांच्या पावानं यांनाच आजार झाला." मी म्हटलं, "चिमणीचा फ्रॉक बघ." ती पाठ फिरवून बसली. अबोला पुढे रविवारपर्यंत टिकला.

रविवारी दुपारी मेहुण्याच्या नोकरीची बातमी आली म्हणून कोंबडी केली होती. आनंदाच्या भरात सासरेबुवांनी नेहमीपेक्षा जरा मोठा तुकडा तोंडात टाकला. बोट वर झालं. सगळ्यांनी खाली बघितलं. आम्ही वाट बघत राहिलो. सूप निवून गेलं, त्यावर साय धरली, तरी बोट वरच. सासऱ्यांनी एक घोट पाणी घेतलं, ते तसंच रुमालात परत आलं. त्यांना आता स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नव्हती. श्वास चालू होता, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, दवाखान्यात जाऊ या," मी उठलो.

"बसा भावजी," मेहुणा माझ्या कानाशी म्हणाला. "बाबांचा लांबतो कधी कधी. बघू नका तिकडे, त्यांना अवघडल्यासारखं होतं."

सासऱ्यांनीही हातानं खूण केली: जाईल, जाईल. बायको ताटातल्या भाताच्या शितांकडे बघत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, पण त्या टेबलाचा दराराच असा, की माझाही आवाज फुटेना. आणि तेवढ्यात चिमणी बोलली.

"आजोबा, तुम्हाला भीती वाटतेय का?"

सगळ्यांनी आणखी खाली बघितलं.

"मला वाटते," ती म्हणाली. "थांबा आला की मला दर वेळी वाटतं, या वेळी नाहीच जाणार. तुम्हालाही तसंच वाटतं का?"

सासरेबुवांनी तिच्याकडे बघितलं. मग ते उठले, दाराशी गेले आणि बूट घालायला लागले.

दवाखान्यात पोटाच्या डॉक्टरीणबाई होत्या. बुटक्या, हसऱ्या आणि भराभर बोलणाऱ्या. नळीच्या टोकाच्या दुर्बिणीनं त्यांनी अडकलेला तुकडा खाली ढकलला, आणि आत आहोतच तर म्हणून अन्ननलिकेच्या अस्तराचे बारीक बारीक टवके तपासायला काढून घेतले. सासऱ्यांना आवाज फुटल्यावर त्यांनी विचारलं, "असं केव्हापासून होतंय आजोबा?"

"आजच," सासरे म्हणाले.

"रोज," बायको म्हणाली. आणि ते बोलल्यावर तिचं तिलाच रडू आलं. बाहेरच्या बाकावर बसून ती मला म्हणाली, "मी त्या डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं रे. मी खोटं नव्हते बोलत. मला खरंच वाटत होतं, की याला त्रास म्हणत नाहीत." मी तिचा हात धरून बसलो. अबोला तिथे संपला.

तपासणीचा निकाल आल्यावर आम्ही सगळेच बाईंच्या खोलीत जाऊन उभे राहिलो. खुर्च्या दोनच होत्या. बाई म्हणाल्या, "इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, की लालसर गुलाबी दिसतात. ॲलर्जी झाली की धावून येतात. अन्ननलिकेत त्यांचं खरं तर काहीच काम नसतं, पण यांच्या अन्ननलिकेत त्या येऊन बसल्यात, आणि बसून बसून सूज आणलीय."

"म्हणजे बिनबोलावलेले पाहुणे," सासरे म्हणाले.

"आले आणि राहिलेच," मेहुणा म्हणाला. "घरजावई म्हणा ना."

सगळे हसले. मीही हसलो, काय करणार? चार दिवसांनी त्या घरात हसू आलं होतं.

"आणि हे किती जणांना असतं?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना अजून मनातून खात्री होती, की बाई म्हणतील, सगळ्यांना.

"तसा हा आजार दुर्मीळच म्हणतात. दोन-तीन हजारांत एखादा, असा अंदाज आहे. काही ठिकाणी त्याहून बराच जास्त. याच पेशी जठरात किंवा आतड्यांत जाऊन बसतात, ते प्रकार तर आणखी कमी."

सासरेबुवा खुर्चीत सरळ झाले. "दोन-तीन हजारांत एक? आणि आमच्या एका टेबलावर पाच?"

"पाच?" बाईंनी चष्मा काढला. मग त्या हसायच्या थांबल्या आणि आमच्याकडे एकेक करून बघायला लागल्या. चिमणीशी आल्यावर त्यांची नजर थांबली. "घराण्यात येतो कधी कधी. पण एक सांगते, हे आकडे खरे आहेत आणि खरे नाहीतही. मोजणार कुणाला? जो माझ्या दारातून आत येईल त्याला. पूर्वी घास अडकला तर काढून द्यायचे आणि घरी पाठवायचे, टवका काढून कोण बघत होतं? आता बघतात म्हणून सापडतात. शिवाय नुसतं बघण्यानं वाढावा त्याहून जास्तच हा आजार वाढतोय, असंही दिसतंय. पण ज्याला वाटतं की जग असंच जेवतं, तो येणार कशाला? तो दोन पेले घेऊन बसतो आणि मोजणीतून सुटतो."

मला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आठवल्या.

मग एकेकाची दुर्बीण झाली. चिमणीचा दिवस मला आठवायला नको वाटतो. तिला भूल देऊन आत नेली आणि तिचे दोन छोटे बूट माझ्या हातात राहिले. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आहे. पण वेळेवर आलात. आजोबांची नळी वर्षानुवर्षांच्या सुजेनं आकसून गेलीय, ती मला हळूहळू रुंद करत न्यावी लागणार. हिची अजून आकसलेली नाही. सूज उतरवली, की ही बाकीच्यांसारखी जेवेल." मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडून तयार ठेवल्या.

बायकोला होता. मेहुण्याला होता. आणि सासूबाईंना नव्हता.

"नाही म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या.

"तुमची अन्ननलिका अगदी ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही काहीही खा, कसंही खा."

सासूबाई घरी आल्या. टेबलाशी बसल्या आणि मग सासऱ्यांवर त्यांचा बांध फुटला. "अहो, मी माहेरी आमच्या भावंडांत सगळ्यात आधी जेवून उठायचे! लग्न होऊन आले आणि तुमच्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, आमच्याकडे सावकाश जेवतात. मला वाटलं, मोठ्या घराण्याची माणसं. सावकाश जेवता जेवता बोटसुद्धा वर करायला लागले. इतकी वर्षं मी गार जेवले, ते काय उगाच?"

सासरे म्हणाले, "सोबत केलीस."

"सोबत गेली खड्ड्यात," असं म्हणून सासूबाईंनी कापून ठेवलेल्या कडांतली एक जाडजूड कड उचलली आणि उभ्या उभ्या कुरकुर खाऊन टाकली. मी त्यांना मनातल्या मनात सुसाट ही पदवी बहाल केली.

औषध म्हणजे मधासारखं घट्ट काहीतरी होतं. ते गिळायचं आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. पाण्याशिवाय ज्यांचा घास हलत नव्हता ती माणसं टेबलाशी ओळीनं बसून रिकाम्या पेल्यांकडे बघत. चिमणीला बाईंनी आधी दूध आणि दुधाचं सगळं बंद करून बघायला सांगितलं. सासऱ्यांनी घाबरत घाबरत विचारलं होतं, "आणि गहू?" बाई म्हणाल्या, "आधी दूध बघू. तेवढ्यानं नाही भागलं तर गव्हाकडे वळू." पुढची दुर्बीण होईपर्यंत सासरेबुवा पिठाच्या पोत्यांशेजारून चोरासारखे जात-येत होते. तेवढ्यानं भागलं. त्यांनी त्याच दिवशी चिमणीसाठी दूध-लोणी नसलेला वेगळा पाव बसवायला घेतला.

आणि या सगळ्यात त्यांना नवाच छंद लागला. आजार नाही, नाही म्हणणारा माणूस आता बेकरीच्या गल्ल्यावर बसून दुर्मीळपणा मिरवायला लागला. "दोन-तीन हजारांत एक, साहेब! आणि आमच्या घरात चार!" गिऱ्हाईक कौतुकानं ऐकायचं. पण आठवडाभरात एक निवृत्त मास्तर म्हणाले, "दोन पेले? माझा भाऊ आयुष्यभर तसाच जेवतो. म्हणून तर मी तुमचा पाव नेतो." मग एक शिंपीणबाई म्हणाल्या, माझ्या नवऱ्यालाही कड चालत नाही, खाली उतरत नाही म्हणतो. मग आणखी एक. सासऱ्यांचा चेहरा उतरत चालला.

"असं कसं?" ते मला म्हणाले. "असे गल्लीगल्लीत निघायला लागले तर दुर्मीळ कसलं?"

ज्या पावाला कडच नाही तो घ्यायला लांबून लांबून कोण येणार? बरेचसे नुसते दात नसलेले होते, ते सोडा. पण काहींना सासऱ्यांनी बाईंचा पत्ता दिला. पुढच्या खेपेला बाई मला हसून म्हणाल्या, "तुमच्या बेकरीसमोर खुर्ची टाकून मोजायला बसले तर माझं सगळं गणितच बिघडेल." सासऱ्यांच्या नळीचं रुंदीकरण संपलं त्या दिवशी त्यांनी भट्टीतून निघालेल्या पहिल्या पावाची कड तोडली, तोंडात घातली आणि बोट वर करायच्या तयारीनं बसले. बोट वर करावं लागलं नाही. ते म्हणाले, "कड जरा जास्तच भाजतोय की आपण. कुणी सांगितलं का नाही मला?"

पण मला बघायचं होतं ते घरात दिसणार नव्हतं. चिमणीचा डबा हल्ली अर्धा रिकामा येत होता, मग पाऊण. फ्रॉक आखूड झाला, सासूबाई कुरकुरत शिवायला बसल्या. मी विचारलं की चिमणी म्हणायची, "होतंय हळूहळू." एवढ्यावर माझं समाधान होईना. मग मला शाळेशेजारच्या इमारतीतली लिफ्ट तेलपाण्याला आल्याचं आठवलं. खरं सांगायचं तर ती तेलपाण्याला आलेली नव्हती. काकूंनी मला बघताच विचारलं, "आता काय बिघडलं? हल्ली तर थांबतसुद्धा नाही. चुकल्याचुकल्यासारखं होतं."

गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली आहे. तिच्या खिडकीतून शाळेचं मैदान सरळ दिसतं. मी मशीनकडे पाठ करून उभा राहिलो. मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं डबे घेऊन भिंतीलगतच्या बाकांवर बसली. आमची चिमणी बसली, तिनं डबा उघडला, आणि खायला लागली. घास, मग घास, मग शेजारणीला काहीतरी सांगणं, मग घास. बाटली एकच होती. तिनं बोट वर केलं नाही. मध्येच एकदा पाठ ताठ झाली आणि मी खिडकीला नाक लावलं, पण ती नुसती शेजारणीच्या डब्यात डोकावत होती. डबा संपला. तिनं झाकण लावलं आणि मैदानाकडे बघितलं. सुट्टी अजून शिल्लक होती. मी त्या तेलकट खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो.

ती पळाली. मैदानाच्या मध्यापर्यंत पळाली, मैत्रिणी तिला हाका मारत होत्या. आणि तिथे ती थांबली. मागे वळून बाकांकडे बघायला लागली. सगळे बाक रिकामे झाले होते, फक्त शेवटच्या बाकावर एक मुलगा उरला होता. मांडीवर डबा उघडा, बाजूला पाण्याच्या दोन बाटल्या. पाठ ताठ करून तो समोर कुठेही न बघता बसला होता. चिमणी मैत्रिणींना हातानं काहीतरी खूण करून परत फिरली, चालत त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याच्याकडे न बघता, आपलं सहज बसावं तशी. तिचे पाय हलत होते. घंटा होईपर्यंत ती तिथून उठली नाही.

संध्याकाळी तिला घ्यायला गेलो तेव्हा मी काही बघितलेलंच नाही असा चेहरा केला. "काय, आज खेळलीस का?"

"नाही. उद्या खेळणार आहे."

"का? डबा नाही संपला?"

"डबा संपला," ती म्हणाली आणि रिकामा डबा माझ्या कानाशी वाजवून दाखवला. मग मोटारसायकलवर पुढे चढून बसली. "बाबा, त्या डॉक्टरीणबाईंना सांग, आमच्या वर्गात आणखी एक आहे. त्याला माहीतच नाहीये. त्याला वाटतं, सगळ्यांना भीती वाटते."